दोन पाळ्यांची हवा

सिल्वासात खोली शोधायला गेले तेव्हा घरमालक माझ्यासमोर बोलता बोलता झोपले. आमली भागातली दुमजली चाळ, खाली सहा खोल्या, वर दोन. ओट्यावर प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसलेले धिप्पाड गृहस्थ मला नियम सांगत होते. पाणी पहाटे येतं, मोटर मी लावतो, गच्चीवर पापड वाळत घातले तर आधी सांगायचं, आणि... एवढं म्हणून त्यांची हनुवटी छातीवर टेकली. मला वाटलं चक्कर आली. मी उठणार तेवढ्यात आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "बस गं बाई, घाबरू नको. येतील आत्ता."

आणि ते खरंच आले. डोळे उघडले आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं म्हणाले, "...आणि लाइट बिल येगळं."

"तुम्हाला झोप लागली होती का?" मी विचारलं. तेव्हा मी नवी होते.

"मी झोपेल नव्हतो. इचार करत व्हतो."

हे वाक्य पुढं मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला मावशी. आबा मात्र कुणालाच नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावाहून आला ते गावच त्याचं नाव. खाली शिरपूर राहायचा, त्याच्या शेजारी नंदुरबार आणि शहादा, कोपऱ्यातल्या खोलीत जौनपूरचे चौघं भाऊ, ते चौघंही जौनपूरच. मी नाशिक. पहाटे खालून हाक यायची, "ए नाशिक! पाणी गेलं म्हणजे मंग बोंबलशीन!" पहिल्या महिन्यात राग यायचा. नंतर सुट्टीत घरी गेले की मला माझ्या नावानं हाक मारलेली चमत्कारिक वाटायला लागली.

आबा मूळचे जळगावकडचे. तरुणपणी जवळच्या सायली गावातल्या एका सूत कारखान्यात लागले आणि तिथंच शिफ्ट मास्तर होऊन निवृत्त झाले. पॉलिस्टरचं सूत, त्यात दाबाची हवा सोडून फुगवायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी तशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सूत तपासायचे, त्यामुळं आमचं गोत्र जुळलं. कारखान्यातून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या होत्या. एक, बहिरटपणा. दुसरी, मशीन बंद ठेवायचं नाही हा धर्म.

ह्या धर्माचा आम्हा सगळ्यांना त्रास होता. घरात कुठलीही वस्तू नुसती बसलेली त्यांना बघवायची नाही. त्यांच्याकडची इस्त्री सकाळी माझ्याकडे, दुपारी शिरपूरकडे. कुकर मावशींचा भात झाला की शिट्टी थंड व्हायच्या आत जौनपूरकडे. स्कूटर तर ज्याला सुट्टी असेल त्याची. खालच्या दोन खोल्यांत खाटासुद्धा पाळीच्या होत्या. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रातपाळीचा त्याच उबेत येऊन पडायचा. आबांना ह्याचा अभिमान होता. "येक खाट, दोन माणसं, दोघायचीबी झोप पुरी. सांग बरं, असा हिशेब तुमच्या कालेजात शिकवतात का?" माझी छत्री मी एकदा दारामागं सलग आठवडाभर टांगलेली ठेवली, तर त्यांनी ती परस्पर नंदुरबारला देऊन टाकली. मी भांडले. आबा शांतपणे म्हणाले, "पाऊस आला तं मागून घे. चालशे." हे 'चालशे' त्यांनी गुजराती शेजाऱ्यांकडून उचललं होतं आणि ते म्हटलं की विषय संपला असं ते समजत.

तर असा हा कर्मयोगी दिवसातून अनेकदा स्वतःच बंद पडायचा. मोटर लावून झोपायचे, टाकी वाहायची, माझे वाळलेले कपडे पुन्हा भिजायचे. न्हाव्याकडं दाढीचा साबण तोंडावर वाळून जायचा आणि न्हावी बिचारा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापून घ्यायचा. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मुठीत अक्षता घेऊन उभ्या उभ्या डुलकी काढली आणि 'सावधान'ला दचकून सगळ्या अक्षता एकदम भटजींच्या डोक्यावर टाकल्या, हे मावशींनी मला हसत हसत सांगितलं होतं. मुलगी आता सुरतेला असते.

आणि घोरणं. चाळीत त्याला भोंगा म्हणत. वरच्या मजल्यावर माझी खाट थरथरते असं मी घरी कळवलं तर आईला वाटलं मी अतिशयोक्ती करते. पण खरी भीती भोंग्याची नव्हती, तो थांबायचा त्याची होती. चढत चढत जायचा आणि एकदम गप्प. काहीच नाही. नवा भाडेकरू पहिल्या दिवशी घाबरून उठून बसायचा. मग आबा बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसे मोठ्यानं श्वास ओढायचे आणि भोंगा पुन्हा सुरू.

मावशी म्हणायच्या, "ह्यांचा श्वास ईसराळू हाये. आठवण करून द्या लागते."

आठवण करून द्यायची त्यांची पद्धत अगदी साधी होती. त्या शेजारी झोपताना आपला हात आबांच्या पोटावर ठेवायच्या. पोट हलायचं थांबलं की हलवायचं. लग्न झाल्यावर काही वर्षांतच हे सुरू झालं आणि मग तो संसाराचाच भाग झाला. मला हे कळलं ते मावशी दुपारी पोळ्या लाटता लाटता पेंगायच्या म्हणून. मी म्हटलं, रात्री झोपत नाही का? तर म्हणाल्या, "झोपते ना. हात जागा असतो फक्त."

हा आजार असतो हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. घोरणारा माणूस गाढ झोपतो, सुखी असतो, अशीच आपल्याकडं समजूत. ते कळलं स्कूटरमुळं. दादऱ्याच्या बागेकडून येताना आबा स्कूटरसकट सरळ गटारात गेले. समोर कोणी आलं नव्हतं, खड्डा नव्हता. पाय मोडला. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी पाहिलं की हा माणूस मोडलेल्या पायावर प्लास्टर चढत असताना घोरतोय. त्यांनी मावशींना दोन-चार प्रश्न विचारले आणि वापीला झोपेची तपासणी करायला पाठवलं.

आबांनी चाळभर सांगितलं, परीक्षेला चाललोय. मावशींनी खरंच हातावर दही ठेवलं. एका रात्रीचं काम, दवाखान्यातच झोपायचं. दुसऱ्या दिवशी परत आले ते खुशीत. डोक्याला, छातीला, पायाला वायरी, नाकात नळी, बोटाला चिमटा. "आपल्याकडं सूत मशीनवर चढवतो ना, त्या बॉबिनीवानी मले चढवलं," असं ते ओट्यावर सगळ्यांना सांगत होते.

मावशी मात्र ओट्यावर आल्या नाहीत. मी भाजी निवडायला त्यांच्याजवळ बसले तेव्हा त्यांनी सांगितलं. तिथल्या मुलानं त्यांना शेजारी खुर्ची दिली होती, पण म्हणाला होता, "माजी, हाथ मत लगाना. रिपोर्ट बिगड़ जाएगा." श्वास किती वेळा आणि किती वेळ थांबतो हेच तर मोजायचं होतं. हलवलं तर मोजणार काय?

"तो आपला काचेमागं बसला," मावशी म्हणाल्या. "अन् मी हात मांडीखाली दाबून बसले. पोट थांबायचं. मी वाट पाह्यची. अजून थांबेलच हाये. मी देवाचं नाव घ्यायची. इतकी वर्सं हात लावून काढली गं, येका रातीत हात न लावता मरायची पाळी आली. उजेडात इतकं नीट कधी पाह्यलंच नव्हतं ना. ओठ निळे पडतात त्यांचे."

मी मेथी निवडत राहिले.

परीक्षेचा निकाल व्हायचा तोच लागला. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, हृदयावर ताण येतो. इतकी वर्षं हे चालल्यामुळं हृदय दमलंय असंही डॉक्टर म्हणाले. उपाय म्हणजे मशीन. खोक्याएवढं, त्याला लांब नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर दाबाची हवा सोडायची म्हणजे घसा उघडा राहतो.

"जनमभर सुतात हवा सोडली," आबा म्हणाले, "आता माझ्यात सोडतात."

पहिले काही दिवस त्यांनी मास्कशी कुस्ती केली. नाक कोरडं पडतंय, पोटात हवा जाते, गुदमरतंय, पट्ट्यांनी गालावर वळ उठलेत. चाळीतले आम्ही सगळे येऊन सल्ले देऊन गेलो. आणि मग एके सकाळी आबा ओट्यावर उभे राहून चाळीकडं बघत होते. मी कामाला निघाले होते. मला थांबवून म्हणाले, "नाशिक, चाळीले कोनी रंग देला का?"

"नाही आबा."

"मंग असं लख्ख काहून दिसतं?"

त्या दिवशी ते दिवसभर जागे राहिले, आणि आमची पंचाईत झाली. आजवर ज्या माणसानं टाकी वाहताना पाहिली नव्हती त्याला आता कुणाचा नळ गळतो, कुणाचा दिवा दिवसा चालू आहे, सगळं दिसायला लागलं. शिरपूर मला म्हणाला, "मॅडम, आबाले पुन्हा झोपवा काहीतरी करून."

पण खरी नवलाई मावशींची. पहिल्यांदा त्या उशिरा उठल्या तेव्हा दूधवाला हाका मारून थकला आणि शेजारपाजार जमा झाला. मावशी डोळे चोळत बाहेर आल्या, ऊन पाहून लाजल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काय गं, सगळे लोक इतकं झोपतात?" दोन-तीन महिन्यांत त्यांचा चेहरा भरला. दुपारी पेंगायच्या ऐवजी माझ्याशी पत्ते खेळायला लागल्या, आणि त्यातही लबाडी करायच्या. हात आता पोटावर ठेवावा लागत नव्हता. मशीनचा सूंऽऽ असा बारीक आवाज आला की त्या कुशीवर वळून झोपायच्या.

एवढ्यावर थांबले तर ते आबा कसले! मशीन दिवसभर उशाशी बसलेलं त्यांना दिसत होतंच.

खाली शहादा राहायचा, एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. कायमची रातपाळी. मानेनं जाडजूड, दिवसा झोपायचा आणि आबांसारखाच भोंगा वाजवायचा. कामावर पेंगून त्यानं एकदा खोक्यांची थप्पी पाडली होती. आबांनी त्याला आपल्या ओट्यावर बसवून सांगितलं, "तुले माझाच रोग हाये." तपासणीला जा म्हणून मागं लागले, पण शहाद्याला सुट्टी मिळेना, किंवा तो मागेना. शेवटी आबांनी वापीहून त्याच्यासाठी वेगळा मास्क आणला आणि मशीनला दोन पाळ्या लावल्या. रात्री आबा, दिवसा शहादा.

मी विरोध केला. म्हटलं, "आबा, हे डॉक्टरांनी तुमच्यासाठी दिलंय. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय लावू नये."

"मशीन हुशार हाये. दाब आपोआप कमी-जास्त करतं."

"तरी ते कुकर नाही."

"कुकरात भात शिजतो. ह्यात माणूस शिजतो का? चालशे."

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी मशीनमधली नोंद पाहिली आणि ते चक्रावले. "आजोबा, तुम्ही रात्रभर झोपून पुन्हा दिवसभर झोपता?" आबांनी सरळ सांगून टाकलं. डॉक्टर रागावले. ही वाटून घ्यायची वस्तू नाही म्हणाले, त्या माणसाला घेऊन या म्हणाले, आणि मुख्य म्हणजे, "तुमचं हृदय बघता तुम्ही एक रात्रही ह्याशिवाय झोपायचं नाही." आबांनी मान हलवली. परत येताना मला म्हणाले, "मी कुठी येकबी रात सोडतो? डॉक्टरले पाळ्यायचं गणित समजत नही."

शहाद्याचं भलं झालं हे मात्र खोटं नाही. त्याचं पेंगणं गेलं. तो मशीन परत आणून द्यायचा ते मास्क धुऊन, नळी पुसून, देवाच्या पालखीसारखं दोन्ही हातांवर धरून.

मग त्याच्या गोदामात मालाची मोजणी निघाली आणि आठवडाभर त्याला दिवसपाळीवर बोलावलं. म्हणजे आता दोघांची झोप एकाच वेळी. पहिल्या रात्री मशीन आबांकडं राहिलं. दुसऱ्या दिवशी शहादा गाडीवर पेंगला आणि पॅकिंगमधल्या एका बाईचा पाय चाकाखाली येता येता वाचला. तो संध्याकाळी आबांच्या ओट्यावर येऊन लहान पोरासारखा रडला.

तिथलं बोलणं मला नंतर शहाद्यानंच सांगितलं. आबा त्याला म्हणाले, "आज तू लाव."

"अन् तुम्ही?"

"मी झोपतच नही. डॉक्टर काय म्हणे, मशीनबिगर झोपायचं नही. मंग नही झोपत. आज माझी नाइट. जनमभर नाइटा केल्या, येका रातीनं काय व्हतं? फक्त मावशीले सांगू नको."

मावशींना त्यांनी सांगितलं, पाणी आज लवकर सुटणार आहे, मी बाहेरच बसतो. आणि लाल खुर्ची घेऊन ओट्यावर बसले. मावशी आत झोपल्या. गेलं वर्षभर त्यांना गाढ झोपायची सवय झाली होती.

सकाळी मी पहिल्या पाळीला निघाले. टाकी वाहत होती, जिन्यावरून पाणी येत होतं. आबा खुर्चीत, हनुवटी छातीवर. हे चित्र मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मला रागच आला. म्हटलं, "आबा, मोटर!"

मी थांबले. 'मी झोपेल नव्हतो' म्हणतील म्हणून थांबले. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं तरी मी तिथंच उभी होते.

तेवढ्यात खालच्या खोलीचं दार उघडलं. शहादा बाहेर आला, अंघोळ केलेला, केस विंचरलेले, ताजातवाना. दोन्ही हातांवर मशीन. दुरूनच म्हणाला, "आबा, काय मस्त झोप लागली..."

मावशी आवाजानं बाहेर आल्या. त्या रडल्या नाहीत. आबांच्या पोटावर हात ठेवून बसल्या, आणि कोणी काही विचारो, एकच सांगत राहिल्या. "मी झोपेल व्हते. मी झोपेल व्हते गं."

डॉक्टर म्हणाले, दमलेलं हृदय होतं, मशीन असतं तर हे झालं नसतं असं कोणी सांगू शकत नाही. मी हे मावशींना पुन्हा पुन्हा समजावलं. त्या ऐकून घ्यायच्या. मुलगी येऊन तेरावा करून गेली, चल म्हणाली, मावशी गेल्या नाहीत. रात्री त्या झोपत नसत. आबांच्या रिकाम्या गादीवर हात ठेवून बसत. मशीन कपड्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेलं होतं. शहाद्यानं त्याला हात लावायचं सोडलं होतं, मावशींच्या दारावरून तो मान खाली घालून जायचा. पुन्हा रातपाळीवर गेला होता आणि पुन्हा पेंगायला लागला होता, असं शिरपूर म्हणाला.

एके दिवशी सकाळी आपल्या घरात बसून मावशी मला भेंडी चिरून देत होत्या. माझी दुसरी पाळी होती. शहादा कामावरून येऊन झोपला होता, भिंतीपलीकडून भोंगा ऐकू येत होता. तो चढला आणि थांबला. मावशींची सुरी थांबली. त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला आणि हवेतच राहिला. भिंतीपलीकडं श्वास परत आला तेव्हा त्यांनी तो खाली घेतला. मग उठल्या, कोनाड्यातलं मशीन काढलं आणि त्याच्या दारावर थाप मारली. मी मागं गेले.

शहादा तांबारलेले डोळे घेऊन उभा राहिला. मशीन पाहून मागं सरला. "नही मावशी. ते आबाचं हाये. माझ्यामुळं आबा..."

"आबाचंच हाये. ते गेले, तुझी झोप व्हावी म्हणून गेले. तू नही झोपला तं त्यांची नाइट फुकट गेली." मावशींचा आवाज पहिल्यांदा फुटला. "लाव म्हणते ना! अन् सोमवारी नाशिकसंगं वापीले जायचं, तुझी तपासणी करून यायची. खाडा झाला तं व्हऊ दे."

त्यानं रडत रडत मास्क चढवला आणि आडवा झाला. मावशी उंबऱ्याशी बसल्या. मशीन सुरू झालं, सूंऽऽ. मी भाजी टाकायला वर गेले.

भाजी झाली. हौदातलं पाणी चढवायला शिरपूरनं लावलेली मोटर तशीच राहून टाकी वाहायला लागली, म्हणून मी खाली आले. मावशी चौकटीला डोकं टेकून झोपल्या होत्या. तोंड थोडं उघडं, पदर घसरलेला, आणि हात आत लांब करून हवेच्या नळीवर ठेवलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोपल्या होत्या. जौनपूर जेवायला आले होते, ते चपला हातात घेऊन पलीकडून गेले.

मी मोटर बंद केली. पाळीची वेळ होत आली होती, तरी लाल खुर्ची ओढून मी तिथंच बसले. कोणीतरी जागं राहायला हवं होतं.